फीचा रकाना

वकिलाचे बिल ही वस्तू आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांनी सहसा पाहिलेली नसते. डॉक्टरांचे बिल येते, वाण्याचे येते, विजेचे तर दाराच्या फटीतून न चुकता आत सरकवले जाते. वकिलाची फी मात्र बिलाने मागितली जात नाही. ती तारखेगणिक हातात दिली जाते, पुष्कळदा कोर्टाच्या व्हरांड्यात, पुष्कळदा वकिलाच्या नव्हे तर त्यांच्या मुन्शीच्या हातात, आणि देताना देणारा व घेणारा दोघेही दुसरीकडे पाहत असतात. पावती मागण्याची रीत नाही. मागितलीच तर ती अविश्वासाची खूण ठरते, आणि ज्याच्या हाती आपले घरदार सोपवले त्याच्यावर अविश्वास दाखवण्याची छाती कुणाला असते?

म्हणूनच २०११ च्या श्रावणात इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या दुमजली घरी जे पाकीट आले, ते उघडल्यावर त्या घरातल्या बाईंना प्रथम वाटले, की पत्ता चुकला असावा. बाई म्हणजे त्या घराच्या मालकीण. मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षे भाषा शिकवून निवृत्त झालेल्या, वयाने त्र्याहत्तर वर्षांच्या, विधवा. निम्मी रामबाग त्यांना ‘बाई’ म्हणूनच ओळखत असे. पाकिटातल्या कागदावर मजकूर थोडाच होता. खालच्या न्यायालयांतील व उच्च न्यायालयातील कामाची व्यावसायिक फी, एकूण शिल्लक रुपये १,६५,०००. कोणत्या तारखेचे किती, मसुद्याचे किती, उभे राहून बोलण्याचे किती, याचा काही उलगडा नव्हता. त्याखाली एक वाक्य होते : रक्कम पोचताच दाव्याचे कागद व मूळ दस्तऐवज परत करण्यात येतील.

चारच महिन्यांपूर्वी त्या दावा जिंकल्या होत्या. आळीत पेढे वाटले होते. जिंकल्या म्हणजे त्यांना नवे काही मिळाले नव्हते. त्या राहत होत्या ते घर त्यांचेच आहे, एवढे तीन न्यायालयांनी तेरा वर्षांत एकामागून एक सांगितले होते. होते ते राहिले होते. त्या राहण्याची किंमत आता टंकलिखित होऊन आली होती.

घराची हकीगत इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांसारखीच. सासरे होळकर सरकारच्या नोकरीत, कारकुनाच्या हुद्द्यावर. १९४१ साली त्यांनी हे घर स्वतःच्या नावे विकत घेतले. होळकर राज्याच्या मुद्रांकावरचे ते खरेदीखत घरात देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलेले असे. १९९६ मध्ये बाईंचे यजमान गेले आणि दोन वर्षांनी चुलत दिराने वाटणीचा दावा लावला. म्हणणे असे, की घर एका भावाच्या नावे घेतले तरी पैसा एकत्र कुटुंबाचा होता. असल्या दाव्यात सारा भर कागदांवर असतो. पगाराचे दाखले, सासऱ्यांनी भावाला लिहिलेली पत्रे, पालिकेच्या कराच्या पावत्या आणि मुख्य म्हणजे ते खरेदीखत, असे सगळे एका कापडी पिशवीत घालून बाई यजमानांच्या मित्राकडे गेल्या.

हे मित्र इंदूरच्या दिवाणी न्यायालयातले जुने वकील. घरात त्यांना भाऊसाहेब म्हणत. दोन्ही घरांचे तिळगुळापासून बारशापर्यंतचे येणेजाणे. त्यांनी पिशवी ठेवून घेतली, वकीलपत्रावर सही घेतली, आणि बाईंनी पदराच्या आड चाचपडत ‘फीचं कसं करायचं’ असे विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “वहिनी, तुमच्याकडून कसली फी! मुन्शीजींना खर्चापुरतं देत जा. बाकीचं बघू नंतर.”

‘बघू नंतर’ हे शब्द मराठी घरांत किती कामांना पुरतात ते सांगायला नको. नकार द्यायचा नसतो आणि होकारही द्यायचा नसतो तेव्हा ते पुढे केले जातात. त्या दिवशी मात्र ते निखळ आपुलकीने उच्चारले गेले होते, याविषयी बाईंना कधीच शंका वाटली नाही. पुढचे सारे भांडण त्या दोन शब्दांच्या अर्थावरूनच झाले.

तेरा वर्षांत बाईंनी कोर्टाच्या किती वाऱ्या केल्या ते त्यांच्या वहीत होते. रोजखर्चाची वही लिहिण्याची सवय त्यांना सासऱ्यांनी लावली होती. दूध, भाजी, रिक्षा यांच्या जोडीला ‘पेशी’ असा एक शब्द त्या वहीत १९९८ पासून येऊ लागला. इंदूरला तारखेला पेशी म्हणतात, आणि तिथल्या मराठीतही तोच शब्द चालतो. पेशी, मुन्शीजी, दोनशे. कधी अर्ज टंकण्याचे साठ. कधी नक्कल काढण्याचे, शाई वाळण्याआधी मिळावी म्हणून थोडे वर. सकाळी दहाला जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे, पुकारा होईपर्यंत उठायचे नाही, आणि दुपारी अडीचला मुन्शीजींनी बाहेर येऊन पुढची पेशी सांगायची. न्यायाधीश रजेवर. समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात. साक्षीदार आला नाही. २००४ मध्ये दावा फेटाळला गेला, चार वर्षांनी पहिले अपील फेटाळले गेले, आणि त्याच थंडीत भाऊसाहेब गेले. दिराने उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात दुसरे अपील केले ते भाऊसाहेबांच्या मुलाने चालवले. कार्यालय तेच, कपाटे तीच, मुन्शीजी तेच. फक्त भिंतीवरचे गृहस्थ आता तसबिरीत होते.

‘अशील’ हा शब्द आपण वकिलाच्या गिऱ्हाईकाला लावतो तेव्हा त्याचा मूळ अर्थ कुणाच्या मनात नसतो. तो अरबीतून फारसीमार्गे आला. अशील म्हणजे मूळ, मुख्य, ज्याचे काम तो. आणि वकील म्हणजे त्याने आपल्या वतीने नेमलेला मनुष्य. म्हणजे शब्दांप्रमाणे पाहिले तर मालक अशील आणि नोकर वकील. व्यवहारात हे नाते उलटायला फार काळ लागत नाही, आणि ते काही आजचे नाही. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक केले आणि तो कारभार पेशव्यांच्या वतीने महादजी शिंद्यांच्या हाती आला. दस्तऐवजात शाह आलम अशील होता आणि पेशवे वकील. बादशहाच्या वतीने राज्य कोण करीत होते हे दिल्लीतल्या भिस्त्यालाही माहीत होते. कोर्टातल्या बाकावर बसलेल्या अशिलाचे सामर्थ्य त्याहून फार अधिक असते असे नाही.

बिल आल्यावर पहिले तीन दिवस बाईंनी ते कुणाला दाखवले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी वह्या काढल्या. तेरा वर्षांच्या तेरा वह्या, आणि त्यांतून ‘पेशी’ या शब्दाखालचे सगळे आकडे वेगळ्या कागदावर उतरवून घेतले. कोर्ट फीचे स्टॅम्प आणि नकला, ज्यांचा कागदोपत्री पुरावा होता, ते ९,१५० रुपये. मुन्शीजींच्या हातात दिलेले ३४,१५०. आणि दर दिवाळीला नारळ व फराळाच्या डब्यासोबत भाऊसाहेबांच्या हातात दिलेली पाकिटे, दहा दिवाळ्यांची मिळून १५,०००. एकंदर ५८,३००. या शेवटच्या पंधरा हजारांपाशी त्यांचे पेन अडले. ते फी म्हणून दिले होते की भेट म्हणून? वहीत नुसते ‘भाऊसाहेब, दिवाळी’ असे होते. देताना आपल्या मनात काय होते हे दहा वर्षांनी स्वतःलाच विचारायची वेळ आली, आणि प्रामाणिक उत्तर सापडेना.

त्यांचा भाचा मुंबईला एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होता. त्याला फोन केला तेव्हा तो आधी हसला आणि मग गंभीर झाला. मुंबईच्या उच्च न्यायालयात सॉलिसिटरचे बिल ही फार जुनी आणि पद्धतशीर गोष्ट आहे. पत्र लिहिले त्याचे इतके, भेट झाली तिचे इतके, कागद वाचले त्याचे इतके, अशा बाबवार याद्या असतात, आणि वाद झाला तर टॅक्सिंग मास्टर नावाचा अधिकारी बसून एकेक बाब तपासतो, जास्त वाटेल ती छाटतो. “पण मावशी, ते इथलं. तुमच्या जिल्हा कोर्टात ते नाही.” त्याने मग जे सांगितले, आणि पुढे टपालाने जे कागद पाठवले, ते बाईंनी शाळेतले पेपर तपासावेत तसे लाल पेन्सिलीने खुणा करीत वाचले.

वकिलाच्या फीचा कायदा आपल्याकडे तसा जुना आहे. इंग्लंडातल्या बॅरिस्टरला फीसाठी दावाच लावता येत नसे. तिथल्या समजुतीप्रमाणे ती मजुरी नव्हती, अशिलाने आपखुशीने दिलेले मानधन होते. हिंदुस्थानात १९२६ च्या एका छोट्या कायद्याने ही झाकपाक संपवली. वकिलाने आणि अशिलाने आपसांत फी ठरवावी; ठरलेली फी वकिलाला दावा करून वसूल करता येईल; आणि ठरलीच नसेल, तर हुकूमनाम्यात खर्चाच्या तक्त्यात वकील फी ज्या नियमाने धरतात त्या नियमाने ती मोजावी. बाईंनी तिन्ही न्यायालयांच्या निकालांच्या नकला काढल्या आणि तो तक्ता पाहिला. तिथले आकडे तिन्ही ठिकाणचे मिळून त्यांच्या एका महिन्याच्या पेन्शनीतही बसण्यासारखे होते. हेही त्यांना खरे वाटेना. तेरा वर्षांच्या कामाचे एवढेसे? एक आकडा भीती वाटावी इतका मोठा आणि दुसरा लाज वाटावी इतका लहान.

बार कौन्सिलच्या नियमांत त्यांना अधिक उपयोगाचे सापडले. अशिलाकडून आलेल्या पैशाचा हिशोब वकिलाने ठेवला पाहिजे. त्यात काय मिळाले, काय खर्च झाले, फीपोटी किती धरले, हे तारीखवार असले पाहिजे. आणि अशिलाने मागितल्यास, नकलेचा खर्च घेऊन, त्याची प्रत दिली पाहिजे. याच नियमांत असेही आहे, की दाव्याच्या यशावर किंवा त्यातून मिळणाऱ्या मालमत्तेच्या हिश्शावर फी ठरवता येत नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वकिलाला याच कारणाने दोषी धरले होते. मिळणाऱ्या रकमेतला अर्धा वाटा त्याने फी म्हणून ठरवला होता. निकालपत्रात त्याचे नाव नाही, ‘जी’ एवढे एकच अक्षर आहे. न्यायसंस्थेलाही आपल्या माणसाची लाज झाकावीशी वाटते; त्यात वाईट काही नाही, पण अशिलांची नावे मात्र मोठ्या टायपात छापली जातात.

मग त्यांनी पत्र लिहिले. भाऊसाहेबांच्या मुलाला त्या त्याच्या मुंजीपासून पाहत होत्या, तेव्हा पत्राचा आरंभ ‘चि.’ने आणि ‘अनेक आशीर्वाद’ने झाला, दुसरा कुठला मायना त्यांच्या हातून उतरणे शक्य नव्हते. आशीर्वादानंतर मात्र भाषा बदलली. आपले बिल पोचले. फी केव्हा आणि किती ठरली होती ते कळवावे. १९९८ पासून आजवर दिलेल्या रकमांचा हिशोब तारीखवार पाठवावा; आमच्या वहीतला उतारा सोबत जोडला आहे. हिशोबाच्या नकलेच्या खर्चादाखल दहा रुपये पाठवीत आहोत. आणि दहाची एक नोट त्यांनी टाचणीने पत्राला लावली. ते दहा रुपये पाठवण्यात थोडा खवचटपणा होता हे त्यांनाही ठाऊक होते. नियमाला नियमाने उत्तर देण्याचे सुख शिक्षकी पेशातल्या माणसाला अनावर असते.

उत्तर आले ते ‘महोदया’ असे आले. भाषा इंग्रजी, कागद जाड, सही वळणदार. स्वर्गीय वडिलांनी वैयक्तिक संबंधांपोटी फीची मागणी पुढे ढकलली होती, सोडून दिली नव्हती. मुन्शींना दिलेल्या रकमा निव्वळ खर्चाच्या होत्या. कागद फी मिळाल्यावरच मिळतील. आशीर्वादांची दखल घेतलेली नव्हती.

कागदांचा प्रश्न सर्वांत कठीण होता. रकमेची घासाघीस करता येते, पण १९४१ चे खरेदीखत दुसरे कुठून आणणार? अपिलाचा निकाल लागल्यावर ते कोर्टातून सोडवून घेतले होते आणि सध्या वकिलाच्या कपाटात होते. घर नावावर करण्यासाठी पालिकेत ते दाखवावे लागणार होते. शिवाय त्या पिशवीत सासऱ्यांची पत्रे होती, ज्यांत दाव्याला उपयोगी ओळी चारच आणि बाकी सारा घरगुती मजकूर होता : कुणाला खोकला, कुणाचे लग्न जमत नाही, कुणी पैसे बुडवले. दावा चालवायचा म्हणजे घरातली अशी चव्हाटी एका परक्या माणसासमोर उघडावी लागते. तोच माणूस उद्या कपाटाला कुलूप लावून बसला तर अडकतात ते नुसते दस्तऐवज नव्हेत.

भाच्याने पाठवलेल्या कागदांत याच प्रश्नावरचा एक निकाल होता, आणि तो नेमका त्यांच्याच प्रांतातला निघाला. भोपाळच्या एका सहकारी बँकेने आपल्या कायदा सल्लागाराला १९९३ मध्ये दूर केले आणि फायली परत मागितल्या. त्याने ९७,१०० रुपयांचे बिल पुढे केले आणि पैसे मिळेपर्यंत फायली देण्याचे नाकारले. बँकेने १९९४ मध्ये राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार केली. तिथे वर्षभरात निकाल लागला नाही म्हणून प्रकरण भारताच्या बार कौन्सिलकडे गेले. तिने त्याची वकिली अठरा महिने बंद ठेवण्याचा आणि हजार रुपये दंडाचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट २००० मध्ये लागला. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे काही धंद्यांतल्या लोकांना थकबाकीपोटी गिऱ्हाइकाचा माल अडकवून ठेवता येतो. दाव्याची फाइल हा असा ‘माल’ नव्हे, ती विकून पैसे उभे करता येत नाहीत, आणि वकिलाला फीसाठी ती अडवून धरण्याचा हक्क नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. या मुद्द्यावरचा कायदा तोवर धूसर होता म्हणून शिक्षा मात्र सौम्य करून नुसत्या ताकिदीवर आणली.

बाईंनी ‘हक्क नाही’ या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या, आणि समासात १९९४ व २००० हे दोन आकडे लिहून त्यांची वजाबाकी केली. सहा वर्षे. एका बँकेला सहा वर्षे परवडतात. राज्याचे बार कौन्सिल जबलपूरला. तिथल्या वाऱ्या, पुन्हा पेशी, पुन्हा बाक. आणि तक्रार चालवायची म्हणजे पुन्हा वकील करायचा, हा विनोद त्यांना एकटीलाच बराच वेळ पुरला. कुणी ग्राहक मंचाचे सुचवले. राष्ट्रीय आयोगाने २००७ मध्ये वकिलाची सेवाही ग्राहक कायद्याखाली येते असे म्हटले होते, पण त्या निर्णयाला वरून स्थगिती मिळाली होती. तो वाद पुढे १४ मे २०२४ पर्यंत लोंबकळला; त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना त्या कायद्यातून बाहेर काढले. जी अनेक कारणे दिली त्यांत एक असे होते, की वकील आपले काम कसे करतो यावर अशिलाचे बऱ्यापैकी प्रत्यक्ष नियंत्रण असते. ‘अशील’ शब्दाचा मूळ अर्थ इतक्या वर्षांनी निकालपत्रात पुन्हा उगवला म्हणायचा. कोर्टाच्या व्हरांड्यात तेरा वर्षे बसलेल्या कुणाही माणसाला हे वाक्य वाचून आपण कोणत्या नियंत्रणाला मुकलो, असा प्रश्न पडेल.

बाई अखेर जबलपूरला गेल्या नाहीत. नवरात्राआधीच्या एका संध्याकाळी, निकालाची प्रत आणि वहीचा उतारा पर्समध्ये घालून, त्या भाऊसाहेबांच्या कार्यालयात गेल्या. मुन्शीजींनी नेहमीसारखी खुर्ची पुसून दिली. मुलगा उठून उभा राहिला. वाकून नमस्कार करावा की नाही हे त्याला क्षणभर ठरवता आले नाही, आणि मग त्याने केला.

“काकू, तुम्ही मला पत्र पाठवलंत. सरळ घरी आला असतात तर…”

“तूही घरी आला नाहीस रे. पाकीट पाठवलंस.”

त्यानंतरचे बोलणे एक तास चालले. मुलगा काही लोभी नव्हता, हे सांगायला हवे. वडिलांनी अर्धे आयुष्य ओळखीपाळखीच्या लोकांची कामे ‘बघू नंतर’ म्हणून केली आणि मागे कर्ज ठेवले, ही त्याची व्यथा होती. बाईंना गेले तसले बिल त्याने आणखी काही घरांना पाठवले होते. उच्च न्यायालयातल्या अपिलाची तयारी त्याने खरोखरच रात्री जागून केली होती. “घर आज किती लाखांचं आहे, काकू,” असे तो एकदा म्हणाला. त्यावर बाईंनी फक्त पर्सवर हात ठेवला आणि ‘ते तुला धरता यायचं नाही’ एवढेच म्हटले. त्यालाही ते ठाऊक होते. त्याने विषय बदलला.

मग त्याने वडिलांच्या डायऱ्या काढल्या. वकिलांच्या डायरीत प्रत्येक तारखेला कोर्ट, पक्षकारांची नावे, काय झाले, पुढली पेशी, असे रकाने असतात, आणि भाऊसाहेबांनी शेवटचा एक रकाना स्वतः रूळाने आखून घेतलेला असे, फीचा. इतरांच्या नावांसमोर त्या रकान्यात बारीक आकडे होते. बाईंच्या दाव्यासमोर, १९९८ पासून २००८ पर्यंत, दर तारखेला तो रकाना कोरा होता. आडवी रेघसुद्धा नाही.

“बघा. काहीच आलेलं नाही. म्हणजे सगळं बाकी.”

“काहीच लिहिलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणजे घ्यायचंच नव्हतं.”

मुन्शीजींना विचारले. ते दाराशी उभे होते. पेशीच्या दोनशेंतून टंकलेखक, शिपाई, चहा, झेरॉक्स. उरेल ते त्यांचे. “बड़े साब को सब मालूम था, बाई साब,” एवढे ते म्हणाले, आणि ते सबंध वाक्य खरेच असावे. म्हणजे चौतीस हजारांची फी नव्हती. भाऊसाहेबांनी आपल्या मुन्शीचा चरितार्थ बाईंच्या पेशीवर चालवला होता आणि स्वतः काही घेतले नव्हते. कोऱ्या रकान्याचा अर्थ त्यामुळे उलगडला मात्र नाही. तो लिहिणारा माणूस तसबिरीतून दोघांकडेही सारख्याच नजरेने पाहत होता.

बाई वही मिटून घेत होत्या. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “एक सांगते, ते वहीत नाही.”

२००६ ची गोष्ट. एका पेशीनंतर भाऊसाहेब त्यांना रिक्षापर्यंत सोडायला आले होते आणि जाता जाता म्हणाले होते, “वहिनी, यंदा जरा ओढ आहे.” बस, एवढेच. बाईंना अर्थ कळला होता. त्यांनी पावसाविषयी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, आणि त्या दिवाळीला पाकिटात पाचशे रुपये अधिक घातले. भाऊसाहेबांनी पुन्हा विषय काढला नाही. न विचारण्यात बाईंची जी सोय होती ती आठ वर्षे आपुलकीच्या नावाखाली सुखाने नांदली होती. तेरा वह्यांत पै-पैचा हिशोब लिहिणाऱ्या बाईने एक प्रश्न मात्र कधी लिहून ठेवला नव्हता. ही गोष्ट त्या सांगत्या ना, तर कुणाला कळली नसती. आणि वाद त्यांच्याच बाजूला झुकलेला होता.

मुलगा बराच वेळ पेन्सिल फिरवत बसला. “बाबा घरी असं कधी बोलले नाहीत,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता बिल नव्हते.

ठरले ते असे. खालच्या दोन न्यायालयांचे काही नाही. ते भाऊसाहेबांचे आणि त्यांच्या मित्राचे. उच्च न्यायालयाच्या अपिलाचे, जे मुलाने स्वतः चालवले, त्याचे चाळीस हजार, दोन हप्त्यांत, चेकने. हा आकडा बाईंनीच सांगितला. तो नियमाच्या तक्त्यातला नव्हता आणि बिलातलाही नव्हता. त्यासाठी त्यांना मुदतठेव मोडावी लागणार होती. मुलाने ‘कमी करा’ असे एकदा म्हटले, बाईंनी मानले नाही. पहिल्या चेकची पावती त्याने तिथल्या तिथे लिहून दिली, एक रुपयाच्या तिकिटावर सही करून. तेरा वर्षांतली ती पहिली पावती.

फाइल दुसऱ्या चेकची वाट न पाहता आठवड्याने मुन्शीजी रिक्षातून घेऊन आले. तीन गठ्ठे, वर लाल कापड. बाईंनी त्यांना बसवून पोहे केले, चहा दिला, आणि निघताना सवयीने दोनशे रुपये काढले. मुन्शीजींनी हात जोडले, घेतले नाहीत. मग बाईंनी दुसऱ्यांदा पुढे केले तेव्हा घेतले.

रात्री त्यांनी गठ्ठे सोडले. खरेदीखत होते, घडीवर थोडे अधिक फाटलेले. सासऱ्यांची पत्रे होती, त्यांच्यावर न्यायालयाचे शिक्के आणि निशाणीचे आकडे. सर्वांत शेवटी त्यांचे स्वतःचे पत्र होते, ‘अनेक आशीर्वाद’ असलेले, आणि त्याला लावलेली दहाची नोट जशीच्या तशी. हिशोबाची नक्कल दिलेली नव्हती, तेव्हा नकलेचा खर्चही ठेवून घेतलेला नव्हता. टाचणी गंजली होती. बाईंनी ती हळूच काढली, वही उघडली, आणि त्या दिवसाच्या पानावर पोहे, दूध व मुन्शीजी यांच्या समोरच्या बाजूला, जमेच्या रकान्यात, दहा रुपये लिहिले.